नऊ दिवसांनी कळलेली चोरी

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"आमचं घर दापोली तालुक्यात आहे. आई तिथे एकटी असते, वय ७४. भाऊ बंगळुरूला, मी इथे. गेल्या जूनमध्ये पाऊस लागल्यावर मागच्या पडवीतलं तांब्याचं घंगाळ, दोन हंडे आणि विहिरीवरच्या पंपाची केबल चोरीला गेली. पावसात पंप लागत नाही आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती मागीलदारी फारशी जात नाही. कळायला नऊ दिवस गेले. पडवीत वायफायचा कॅमेरा होता, आत ६४ जीबीचं कार्ड. त्यात चोरीच्या रात्रीचं काहीच नव्हतं. आता दिवाळीला जाऊ तेव्हा नीट व्यवस्था करायची आहे. एका दुकानदाराने ४ कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर) आणि १ टीबीची हार्डडिस्क असं कोटेशन दिलं आणि 'महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील' म्हणाला. दुसऱ्याने एनव्हीआर हा वेगळ्या जातीचा रेकॉर्डर सुचवला, तो महाग आहे. भाचा म्हणतो रेकॉर्डरच नको, क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, घ्या. भाऊ विचारतो, मोबाईलवर दिसतं तर साठवायचं कशाला? काय घ्यावं?"

ताई, नमस्कार.

तुमच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. चोरी झाली त्या रात्री तुमच्यापैकी कुणीही मोबाईल बघत बसलं नव्हतं, आणि बसावं अशी अपेक्षाही नाही. तुम्हाला गरज पडली ती नऊ दिवसांनी, मागे वळून बघायची. म्हणून कॅमेरा कुठला, किती मेगापिक्सेलचा, हे मी तूर्त बाजूला ठेवतो. आधी ठरवायचं ते हे की घरात काही घडलं तर ते तुमच्या लक्षात यायला जास्तीत जास्त किती दिवस लागतील. तुम्ही महिन्यातून एकदा गावी जाता असं पत्रात पुढे लिहिलंय. मग तुमचं उत्तर ३० दिवस. पुढचं सगळं या आकड्यावरून ठरेल.

जुन्या कार्डात काही का सापडलं नाही, ते आधी बघू, म्हणजे हिशोबाची रीतही कळेल. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या पद्धतीने चित्र आवळून साठवत असेल तर सेकंदाला साधारण २ मेगाबिट धरावेत. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार करून ८ ने (८ बिटांचा एक बाइट) आणि मग १,००० ने भागलं की दिवसाला २१.६ जीबी होतात. म्हणजे सतत रेकॉर्डिंग केलं तर तुमचं ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसही पुरत नाही, चौथ्या दिवशी ते पहिला दिवस पुसून त्यावर लिहितं. चोरीची रात्र कार्डावर बहुधा उतरलीही असेल, पण तुम्ही बघायला गेलात तोवर त्यावरून दोन-तीनदा नवं चित्रण फिरून गेलं होतं. यात आईची चूक नाही. तुम्ही लिहिलंय की ती अजून स्वतःला बोल लावते. तिला हा हिशोब जरूर सांगा.

आता चार कॅमेरे. २१.६ गुणिले ४, दिवसाला ८६.४ जीबी. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. दुकानदार 'महिनाभर' म्हणाला तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने हालचाल दिसेल तेवढंच रेकॉर्ड करायचा हिशोब धरला असणार. शहरातल्या बंद जिन्यात तो हिशोब जमतो. तुमच्याकडे नाही. माडाची झावळी हलली, पाऊस आडवा आला, रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य उजेडाकडे किडे आले, त्या किड्यांसाठी कोळ्याने भिंगासमोर जाळं विणलं, की कॅमेऱ्याला ती सगळी हालचालच. मग एक तर रात्रभर रेकॉर्डिंग चालू राहतं, नाही तर कंटाळून कुणी तरी संवेदनशीलता इतकी कमी करतं की माणूसही सुटतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रेकॉर्डिंग २४ तास सतत ठेवा. माणूस किंवा गाडी ओळखायची सोय असेल तर ती खुणा करण्यापुरती वापरा, म्हणजे शोधताना रात्रभराचं चित्रण चाळावं लागणार नाही. सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेमची) गरज नाही, १५ पुरतात.

३० दिवसांसाठी साधारण २.६ टीबी लागतात. म्हणून ४ टीबीची डिस्क घ्या. चार कॅमेऱ्यांना ती दीड महिना पुरेल आणि उद्या दोन कॅमेरे वाढवले तरी महिना भरेल. दुकानदाराला एक गोष्ट आवर्जून सांगायची: रेकॉर्डर आणि कॅमेरे दोन्हीत एच.२६५ चालू करून द्या. जुन्या एच.२६४ वर ठेवलं तर तेवढ्याच स्पष्ट चित्राला जागा जवळजवळ दुप्पट लागते, आणि बसवणारे पुष्कळदा कारखान्यातून आलेली मांडणी तशीच सोडून जातात.

डिस्क पाळत ठेवण्याच्या कामासाठी बनवलेली हवी. डब्ल्यूडीची पर्पल, सीगेटची स्कायहॉक, तोशिबाची एस३०० या त्या जातीच्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क रात्रंदिवस लिहीत राहण्यासाठी केलेली नसते. बाजारात जुन्या डिस्क पुसून नव्याच्या भावात विकल्या जातात, तेव्हा बिलावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता डीव्हीआर की एनव्हीआर. डीव्हीआरला कॅमेऱ्यापासून जाड गोल कोॲक्सियल केबल येते आणि चित्र आवळण्याचं काम रेकॉर्डरमध्ये होतं. एनव्हीआरच्या व्यवस्थेत कॅमेरा स्वतःच ते काम करतो आणि नेटवर्कच्या केबलवरून तयार चित्र पाठवतो. पीओई असेल तर त्याच केबलने कॅमेऱ्याला वीजही मिळते. डीव्हीआर वाईट नाही. स्वस्त पडतो, तालुक्याच्या गावातला कुठलाही कारागीर दुरुस्त करू शकतो, आणि चांगल्या तांब्याच्या केबलवर चित्र दोन-तीनशे मीटर लांब नेता येतं. घरात आधीच ती केबल टाकलेली असती तर मी तुम्हाला डीव्हीआरच घ्या म्हटलं असतं.

पण तुमच्याकडे नव्याने सुरुवात आहे, आणि मला एनव्हीआरच्या बाजूने झुकवणारं कारण वेगळंच आहे. एनव्हीआरला जोडलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्डाची खाच असते. म्हणजे कुणी केबल कापली, रेकॉर्डर बंद पडला किंवा चोराने रेकॉर्डरच उचलून नेला, तरी कॅमेऱ्याच्या पोटात शेवटच्या काही दिवसांचं चित्र राहतं, अर्थात कॅमेऱ्याची वीज तुटली त्या क्षणापर्यंतचं. कॅमेरे असलेल्या घरात चोर रेकॉर्डर शोधतात, हे पोलिसांकडच्या कित्येक गुन्ह्यांत दिसलंय. एकट्या माणसाच्या घरात दोन ठिकाणी नोंद होणं मला फार मोलाचं वाटतं. तेव्हा ८ चॅनेलचा पीओई असलेला एनव्हीआर, ४ कॅमेरे, आणि पुढच्या व मागच्या पडवीच्या कॅमेऱ्यांत प्रत्येकी १२८ जीबीचं, सततच्या लेखनाला टिकणारं 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड. ४ चॅनेलचा घेऊ नका. पहिल्याच दिवशी तो भरतो आणि गोठ्यावर पाचवा लावायचा म्हटला की नवा रेकॉर्डर.

वायफायचे कॅमेरे मात्र तुमच्या घरात नकोत. चिऱ्याच्या दीड फुटी भिंतींतून वायफाय धड जात नाही, हे तुम्ही माजघरात फोन लावताना अनुभवलंच असेल. केबल खऱ्या तांब्याची मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी केबल स्वस्त मिळते, पण तिच्यातून वीज लांबवर पोचताना कमी पडते. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की तो बंद-चालू व्हायला लागतो, आणि समुद्राकडच्या हवेत तिचे जोड लवकर खराब होतात. वानरं येत असतील तर केबल उघडी नको, पाइपातून न्या.

विहिरीवरच्या कॅमेऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोकणात घोळ तिथेच होतो. तुम्ही घरापासून विहीर १२० मीटरवर आहे असं लिहिलंय. नेटवर्कच्या केबलची मर्यादा १०० मीटर. मधे जोड देऊन ती वाढवता येते, पण मी वाढवणार नाही. अवकाळीच्या आणि परतीच्या पावसात तुमच्याकडे विजा कडाडतात. वाडीतून गेलेली इतकी लांब तांब्याची तार विजेचा धक्का सरळ घरातल्या रेकॉर्डरपर्यंत आणते. माझ्या मामांच्या घरी असंच झालं. वीज पडली आंब्याच्या झाडाजवळ, आणि घरातला रेकॉर्डर, राउटर, टीव्ही एकाच क्षणी गेले. तेव्हा विहिरीपर्यंत ऑप्टिकल फायबर न्या, पोलादाची तार नसलेली. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्कची केबल जोडणारी डबी) लागेल, विहिरीकडच्याला आणि कॅमेऱ्याला पंपाच्या खोलीतून वीज मिळेल. उद्या धक्का बसलाच तर त्या टोकाचं नुकसान होईल, घरातली नोंद वाचेल. बाकीच्या कॅमेऱ्यांच्या केबल घरालगतच आहेत, त्यांना इतकं करायला नको. पण घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून मोजून घ्या. जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत जुनं अर्थिंग उन्हाळ्यात फारसं काम करत नाही.

लाईट जाण्याचं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, मला ते मोठं वाटतं. चोराला काळोख हवाच असतो. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून रात्री ४०-४५ वॅट खातात. दुकानदार देतो त्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. ती जेमतेम तासभर तग धरेल, आणि पावसात तुमच्याकडे लाईट दिवस-दिवस नसते. घरात इन्व्हर्टर आहे ना? १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. त्यातली निम्मी या कामाला मिळाली तरी वीस तास निघतात. रेकॉर्डरचा आणि राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या; इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. विहिरीकडचा कॅमेरा तेवढा लाईट गेली की बंद होईल. तिथे छोटी स्वतंत्र बॅटरी ठेवता येते, पण ती पुढच्या वर्षी करा.

क्लाउडबद्दल भाच्याचं म्हणणं चूक नाही, जागा चुकलीय. चार कॅमेऱ्यांचं सततचं चित्रण बाहेर पाठवायला सेकंदाला ८ मेगाबिटची अपलोड लागते, रात्रंदिवस, आणि महिन्याला अडीच टीबीहून जास्त डेटा. गावातल्या जोडणीवर हे चालणार नाही, आणि लाईनच गेली तर त्या दिवसांची नोंदच नाही. शिवाय वर्गणी भरायची विसरली की जुनं चित्रणही हातचं जातं. पुढच्या दारावर माणूस दिसला की तेवढी छोटी फीत क्लाउडवर जावी, इतकंच त्याला काम द्या. रेकॉर्डर चोरीला गेला तर ती उपयोगी पडेल. मुख्य नोंद घरातच.

आणि घरात म्हणजे टीव्हीखाली नव्हे. माजघरातल्या कपाटात, मागून हवा खेळेल अशा जागी, कुलूप लावून. चुलीजवळ नको, देवघराजवळही नको. धूर आणि धूप दोन्ही पंख्यातून आत जाऊन बसतात.

पासवर्डकडे लक्ष द्या असं सगळेच सांगतात, मी कारणासकट सांगतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्याची युक्ती फक्त एवढीच होती की कारखान्यातून आलेले ठराविक पासवर्ड लावून बघायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं स्त्रियांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूबवर टाकलेलं आणि टेलिग्रामवर विकायला ठेवलेलं आढळलं. ती बातमी वाचून मला कित्येक दिवस अस्वस्थ वाटत होतं. तेव्हा बसवणाऱ्याने काम संपवलं की त्याच्यासमोरच मुख्य खातं तुमच्या नावावर, तुमच्या मोबाईल नंबरावर घ्या आणि पासवर्ड बदला. भाऊ आणि भाचा यांना नुसतं बघण्याचं वेगळं खातं द्या. दुकानदाराला कायमचा प्रवेश ठेवू नका, दुरुस्तीपुरता द्या. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' (इंटरनेटवरून रेकॉर्डरपर्यंत थेट वाट उघडणं) करून देतो म्हणाला तर नको म्हणा. कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, त्या एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. निवडलेलं मॉडेल त्यात बसतं का, हे लेखी मागा. दुकानात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका.

आता आईबद्दल. तुमच्या पत्रात कॅमेरे कुठे लावायचे याची यादी आहे: पुढची पडवी, मागची पडवी, विहीर, आणि चौथा माजघरात, 'आई पडली-झडली तर कळावं म्हणून'. काळजी कळते मला. पण हा चौथा कॅमेरा आईला विचारल्याशिवाय लावू नका. आयुष्यभर ज्या घरात ती मोकळेपणाने वावरली तिथे दुपारी पदर बाजूला टाकून आडवं व्हायलाही तिला अवघड होईल, आणि ती तुम्हाला ते सांगणार नाही. घरात राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे नकोत, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका कुटुंबाच्या वादात सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. पण कायद्याच्या आधी तिचा मान आहे. तिला काय हवं ते शांतपणे बसून विचारा. पडण्याची भीती असेल तर गळ्यात घालायचं बटण किंवा शेजारच्या काकूंकडे वाजणारी घंटा जास्त कामाला येते. पडलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी बघून काय करणार? चौथा कॅमेरा मग बेड्याकडे, म्हणजे आवाराच्या फाटकाकडे, गडग्याच्या आत, येणारा-जाणारा दिसेल असा लावा. वाडीत कामाला येणाऱ्यांना कॅमेरे असल्याचं आधी सांगा. आणि शेजाऱ्यांचं अंगण चौकटीत येत असेल तर तेवढा भाग रेकॉर्डरमधून झाकता येतो, तो झाकून घ्या.

पडवीचा कॅमेरा वाशाला टांगू नका, तिथून फक्त डोकी आणि इरली दिसतात. आठ-नऊ फुटांवर लावा, चेहरा मिळेल.

पुन्हा कधी काही घडलंच, तर आधी त्या तारखेचं चित्रण रेकॉर्डरमध्ये 'लॉक' करा म्हणजे ते पुसलं जाणार नाही. मग पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात काढा. टीव्हीवर लावून मोबाईलने त्याचं शूटिंग करायची सवय सगळ्यांना आहे, ती कोर्टात अडवते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरले का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो ओळखला जातो. २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. ते पोलीस सांगतील तसं होईल. तुम्ही इतकंच बघा की रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर आहे, भारताची वेळ लावलेली आहे, आणि तो इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो. मागीलदारी माणूस दिसला रात्री दोनला आणि पडद्यावर वेळ संध्याकाळी साडेआठची, तर त्या चित्राची किंमत निम्मी होते.

शेवटचं काम आईचं आहे, आणि ते तिला जमेल. मामांकडचा नवा रेकॉर्डर वर्षभर दिवे लावून उभा होता. गरज पडली तेव्हा कळलं की डिस्क आठ महिन्यांपूर्वीच गेली होती. मोबाईलवर चालू चित्र दिसत होतं म्हणून कुणाला शंकाच आली नाही. तुमची आई संकष्टी करते असं तुम्ही लिहिलंय. दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघताना, तुम्ही फोनवर राहा आणि तिला टीव्हीवर मागच्या संकष्टीच्या दिवसाचं चित्रण लावायला सांगा. तारीख निवडायची, पुढच्या पडवीचा कॅमेरा निवडायचा. ते दिसलं म्हणजे डिस्क जिवंत आहे आणि ३० दिवस भरतायत. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन. दिवाळीत तिथे असाल तेव्हा तिच्याकडून चार-पाच वेळा करवून घ्या, आणि रिमोटवरच्या तीन बटणांना नेलपॉलिशचे ठिपके लावून द्या.

केबलसाठी चिऱ्याच्या भिंतीला भोकं पाडताना ती बाहेरच्या बाजूला उतरती पाडायला सांगा, आणि भोकात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा ठेवायला सांगा. पाणी त्या वळशावरून ठिबकतं, आत येत नाही.